‘हाय’ म्हणणारी शस्त्रास्त्रं

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे शस्त्रास्त्रांची एक अधिकृत यादी आहे. तिचे एकवीस वर्ग. पहिल्यात बंदुका, दुसऱ्यात तोफा, तिसऱ्यात दारूगोळा, चौथ्यात क्षेपणास्त्रं, सहाव्यात युद्धनौका, सातव्यात रणगाडे. असं करत करत आपण चौदाव्या वर्गाशी येतो. तिथे विषारी वायू आणि रोगजंतू ठेवले आहेत. सोळाव्यात अण्वस्त्रांचं सामान. आणि या दोन सज्जनांच्या मधोमध, पंधराव्या वर्गात, उपग्रह. नुसते लष्करी उपग्रह असते तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण १९९९ नंतरची पंधरा-एक वर्षं या खणात जवळपास सगळेच उपग्रह कोंबलेले होते. त्यात चार निवृत्त इंजिनियर, एखादे शाळामास्तर आणि दोन-तीन कॉलेजची पोरं यांनी सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये बसून, सोल्डरिंगच्या धुराने डोळे चोळत बनवलेले डबेही आले. पत्ता: मस्टर्ड गॅसच्या पलीकडे, अणुबाँबच्या अलीकडे.

हे डबे बनवणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांना हॅम म्हणतात. हॅम माणूस ओळखायला सोपा. सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीवरच्या ज्याच्या अँटेनावरून दरवर्षी वाद होतो, तो. हा माणूस सरकारी परीक्षा देतो, परवाना काढतो, स्वतःच्या नावापेक्षा कॉल साइनवर, म्हणजे रेडिओवरच्या नावावर, जास्त प्रेम करतो, आणि एवढी सगळी यातायात करून शेवटी फिनलंडमधल्या एका अनोळखी माणसाला विचारतो, ‘माझा आवाज तिकडे कसा येतोय?’ तो म्हणतो, ‘छान येतोय. माझा?’ ‘तुमचाही छान येतोय. इकडे पाऊस आहे.’ ‘इकडे बर्फ आहे.’ मग दोघं एकमेकांना ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा देतात, आणि हे संभाषण खरंच झालं याचा पुरावा म्हणून पोस्टाने क्यूएसएल कार्ड पाठवतात. यात एका पैशाचाही व्यवहार होत नाही. करायला मनाईच आहे. ज्या देशांच्या वकिलाती एकमेकींशी बोलत नाहीत त्या देशांचे हॅम एकमेकांना पावसापाण्याचं विचारत असतात.

आता गंमत अशी की या मंडळींवर आंतरराष्ट्रीय नियमांचं एक जुनं बंधन आहे. दोन देशांच्या हॅमनी एकमेकांशी बोलताना अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही. जे काय बोलायचं ते उघड, कोणालाही ऐकता येईल असं. (उपग्रहाला द्यायच्या आज्ञा तेवढ्या गुप्त ठेवता येतात, नाहीतर कोणीही उठून तो बंद करेल.) आणि हॅमने उपग्रह बांधायला घेतला की अमेरिकेत त्याच्यापुढे दुसरा, त्या शस्त्रयादीचा, कायदा येऊन उभा राहतो. पहिला म्हणतो, परदेशी माणसापासून काही लपवू नका. दुसरा म्हणतो, परदेशी माणसाला काही सांगू नका. दोन्ही एकदम पाळायचे तर हवामानावर बोलणं एवढाच मार्ग उरतो. हॅम लोक सुरुवातीपासून हवामानावरच का बोलतात, हे मला हा कायदा वाचल्यावर कळलं.

वास्तविक या हौसेची सुरुवात अगदी थाटात झाली होती. १२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून ऑस्कर-१ नावाचा साडेचार किलोचा डबा आकाशात गेला. हॅम लोकांचा हा पहिला उपग्रह. अग्निबाणाचा तोल सांभाळायला जे वजन ठेवायचं, त्याच्या जागी ‘आम्हाला न्या की’ म्हणून या लोकांनी चिकाटीने विनवणी केली होती. मुख्य उपग्रहापासून डबा दूर ढकलायला स्प्रिंग लागते. ती यांनी सिअर्सच्या दुकानातून आणली. किंमत सव्वा डॉलरसुद्धा नाही. वर गेल्यावर डब्याने एकच काम केलं. मोर्स लिपीत ‘हाय’ म्हणायचं. चार टिंबं, दोन टिंबं. हॅम लोकांच्या टिंब-रेघांच्या जगात ही हसण्याची खूण. अठ्ठावीस देशांतल्या पाचशे सत्तरहून अधिक हौशी लोकांनी ते हसणं ऐकलं आणि ऐकल्याचं कळवलं. उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अभिनंदनाचा संदेश धाडला.

हा डबा ज्याच्या शेजारी बसून गेला तो उपग्रह होता डिस्कव्हरर ३६. जगाला सांगितलं होतं की शास्त्रीय संशोधन चाललंय. प्रत्यक्षात ती ‘कोरोना’ मालिका होती. रशियाचे आकाशातून फोटो काढायचे आणि फिल्मची कुपी पृथ्वीवर परत टाकायची. हे गुपित फुटायला १९९५ साल उजाडलं. म्हणजे देशातलं सर्वांत अबोल यंत्र आणि सर्वांत बोलकं यंत्र एकाच अग्निबाणात शेजारीशेजारी बसून गेली, आणि निर्यातीचा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नाही. ऑस्कर-१च्या ‘हाय’चा वेग आतल्या तापमानाप्रमाणे बदलायचा. हातात घड्याळ असलेल्या कोणालाही उपग्रहाचं तापमान काढता येत होतं. नंतरच्या एखाद्या वकिलाने हे वाचलं असतं तर त्याला घाम फुटला असता. अमेरिकी अंतराळयानाची तांत्रिक माहिती, अठ्ठावीस देशांना, रात्रंदिवस, फुकट!

शीतयुद्ध ऐन रंगात असताना हा उद्योग असाच बिनबोभाट चालू राहिला. ऑस्कर-५ बनवला मेलबर्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी. त्याच्या अँटेना स्टीलच्या मोजपट्टीच्या होत्या, सुताराकडे असते तसल्या. १९७०च्या जानेवारीत तो अमेरिकेच्या अग्निबाणावर गेला. १९६९मध्ये वॉशिंग्टनला अ‍ॅमसॅट ही हौशी उपग्रहांची संस्था निघाली. पुढच्या उपग्रहांत ऑस्ट्रेलियाचा एक भाग, पश्चिम जर्मनीचा एक भाग, अमेरिकेचा सांगाडा, असला आंतरराष्ट्रीय संसार थाटला गेला. त्यातला ऑस्कर-७ हा १९७४चा. १९८१मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन तो वारला. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. २००२मध्ये त्याच बॅटरीतलं बिघडलेलं काहीतरी आणखी बिघडलं, सर्किट मोकळं झालं, आणि ऊन पडलं की हे महाशय पुन्हा बोलू लागले. एकवीस वर्षांनी. माझ्या माहितीत बिघाडाने बिघाड दुरुस्त होण्याची दुसरी यंत्रणा फक्त सरकारी खात्यांत आढळते.

मग शीतयुद्ध संपलं. भिंत पडली, सोव्हिएत संघ मोडला, जगाने सुस्कारा सोडला. आता हॅम लोकांचे दिवस आणखी बरे यायला हवे होते.

फेब्रुवारी १९९६मध्ये चीनच्या शीचांग तळावरून ‘लाँग मार्च ३बी’ हा नवा अग्निबाण पहिल्यांदाच उडाला. त्यावर अमेरिकेत बनलेला इंटेलसॅट ७०८ हा उपग्रह होता. अग्निबाण आडवा झाला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत शेजारच्या डोंगरावर आदळला. माणसं मेली. विमा कंपन्यांनी विचारलं, हे झालं कसं? अमेरिकी तज्ज्ञांनी कारणं शोधली, अहवाल लिहिला, आणि तो सरकारची परवानगी न घेता चीनला फॅक्स झाला. क्षेपणास्त्र आणि अग्निबाण ही सख्खी भावंडं, त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये गहजब उडाला. १९९८मध्ये संसदेने कायदा केला आणि १५ मार्च १९९९पासून दळणवळणाचे साधे उपग्रहही वाणिज्य खात्याकडून काढून पुन्हा परराष्ट्र खात्याच्या शस्त्रयादीत टाकले. या प्रकरणात हॅम लोकांचा काडीचाही संबंध नव्हता. त्यांच्याकडे धड फॅक्स मशीनही नसावं. पण कायद्याने ‘उपग्रह’ म्हटलं होतं, आणि गॅरेजमध्ये जे चाललं होतं त्यालाही दुर्दैवाने उपग्रहच म्हणत.

या नियमावलीचं नाव इंटरनॅशनल ट्रॅफिक इन आर्म्स रेग्युलेशन्स. जवळची माणसं तिला आयटार म्हणतात. एकेका उल्लंघनाला दहा लाख डॉलरपर्यंत दंड आणि वीस वर्षांपर्यंत कैद. हौस म्हणून तिकिटं जमवणाऱ्यांना असली भीती नसते.

आयटारचा खरा चमत्कार म्हणजे तिची निर्यातीची कल्पना. निर्यातीला जहाज लागत नाही, विमान लागत नाही, पार्सलसुद्धा लागत नाही. अमेरिकेतल्या अमेरिकेत, एकाच खोलीत बसून, अमेरिकी माणसाने परदेशी नागरिकाला तांत्रिक माहिती सांगितली किंवा नकाशा दाखवला, की झाली निर्यात. ती माहिती त्याच्या देशात पोचली असं धरायचं. तो प्रत्यक्षात इथेच बसून तुमच्या घरचे पोहे खात असला तरी.

समजा सॅन होजेमध्ये एक मराठी काका आहेत. तीस वर्षांपूर्वी तिकडे गेलेले, केव्हाच नागरिक झालेले, जुने हॅम, उपग्रहाच्या कामात स्वयंसेवक. रविवारी त्यांच्याकडे पुण्याहून नव्याने आलेला एक मुलगा येतो. तोही हॅम, हाडाचा इंजिनियर, नोकरीला एच-वन बी व्हिसावर.

‘काका, तुमचा उपग्रह उन्हातून सावलीत जातो ना, तेव्हा बॅटरीचं चार्जिंग तुम्ही कसं सांभाळलंत?’

‘तुझं ग्रीन कार्ड झालं का रे?’

‘नाही ना काका. रांग केवढी आहे!’

‘मग पोहे घे. लिंबू देऊ?’

आतून काकू म्हणतात, ‘अहो, सांगा की त्याला नीट. एवढ्या लांबून आलाय.’

‘अगं, सांगितलं तर ती निर्यात होईल.’

‘कुठे होतेय निर्यात? तो तर सोफ्यावर बसलाय!’

काकूंचा मुद्दा बिनतोड आहे, फक्त कायद्यात बसत नाही. पुढे ज्या दिवशी त्या मुलाचं ग्रीन कार्ड होईल, त्या दिवसापासून तोच मुलगा, त्याच डोक्यासकट, कायद्याच्या भाषेत ‘यूएस पर्सन’ होईल आणि चार्जिंगचं रहस्य ऐकायला पात्र ठरेल. रांगेची लांबी बघता तोवर त्या उपग्रहाची बॅटरी मेलेली असेल. हे काका-काकू काल्पनिक आहेत, पण फॉर्म काल्पनिक नाही. २०११पासून एच-वन बीचा अर्ज भरताना कंपनीला लिहून द्यावं लागतं की या उमेदवाराला जे तंत्रज्ञान दाखवणार, त्याला निर्यात परवाना लागतो की नाही. आपल्याकडच्या किती घरांतली मुलं त्या एका रकान्यावर टिक होऊन गेली असतील! आईवडिलांना वाटतं मुलगा अमेरिकेला गेला. अमेरिकेला वाटतं मुलगा म्हणजे भारतात उघडलेली खिडकी.

वस्तूंची कथा आणखी मजेदार. बिगेलो एरोस्पेस या अमेरिकी कंपनीने २००६मध्ये ‘जेनेसिस-१’ हे फुगवता येणारं यान रशियातल्या यास्नीहून सोडलं. यानाबरोबर ते ठेवायला एक धातूची बैठक गेली होती. उलटी ठेवली तर कॉफीचं टेबल म्हणून सहज खपली असती. पण ती यानासाठी बनवलेली असल्यामुळे आयटारखाली आली. परिणामी रशियात त्या टेबलावर पहारेकरी नेमावे लागले. रशियनांनी टेबलाचं तंत्र चोरू नये म्हणून. स्पुटनिक सोडणाऱ्या, गागारिनला फिरवून आणणाऱ्या देशाला चार पायांचं रहस्य उलगडलं असतं तर पुढे काय अनर्थ झाला असता, हे त्या पहारेकऱ्यांनाच ठाऊक.

या नियमांचा स्वभाव मला आमच्या आजीच्या सोवळ्यासारखा वाटतो. पुरणावरणाचा सगळा स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा, आणि पाणी प्यायला आलेल्या एखाद्या पोराचा हात चुकून पातेल्याला लागला की सगळं ओवळं. किती लागला, हा प्रश्नच नाही. वाणिज्य खात्याच्या नियमांत निदान टक्केवारी आहे. परक्या वस्तूत अमेरिकी माल अमुक टक्क्यांच्या आत असेल तर सोडून देतात. आयटारमध्ये टक्केवारी नाही. जर्मन उपग्रहात शस्त्रयादीतली एक अमेरिकी चिप आली की तो अख्खा उपग्रह आयटारच्या ताब्यात, आणि तो कुठे जायचा ते वॉशिंग्टन ठरवणार. यावर युरोपातल्या एका मोठ्या कंपनीने मुद्दाम ‘आयटार-फ्री’ उपग्रह बनवायला घेतले, आणि त्यातला एक, चायनासॅट-६बी, २००७मध्ये चीनच्याच अग्निबाणावर सुखरूप वर गेला. पुढे त्या शुद्ध उपग्रहांतही काही अमेरिकी चिपा सापडल्या आणि कंपनीने तो धंदाच बंद केला. आजी असती तर म्हणाली असती, मी आधीच सांगत होते, बाहेरचं काही आणू नका.

जीपीएसचंही असंच. क्षेपणास्त्रात वापरता येऊ नये म्हणून बरेच साधे जीपीएस रिसीव्हर एक हजार नॉटच्या पुढे, म्हणजे सेकंदाला सुमारे ५१५ मीटर, आणि अठरा किलोमीटर उंचीच्या वर आपणहून गप्प बसवलेले असतात. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. म्हणजे दुकानातला जीपीएस लावून पाठवलेला उपग्रह, जिथे आपण कुठे आहोत हे कळण्याची खरी गरज, तिथेच मौनव्रत घेतो. हौशी लोकांचे फुगे तर बिचारे इतके जोरात जातही नाहीत, नुसते उंच जातात. पण काही कंपन्यांनी ‘वेग आणि उंची’ हा नियम ‘वेग किंवा उंची’ असा वाचला. अठरा किलोमीटरवर रमतगमत चाललेला विद्यार्थ्यांचा फुगा त्या चिपच्या दृष्टीने बॅलिस्टिक क्षेपणास्त्र ठरतो.

हौशी उपग्रहांवर या सगळ्याचा परिणाम असा झाला की एकत्र कुटुंब मोडलं. जर्मनांच्या पुढाकाराने, अमेरिकेसह कितीतरी देशांतल्या हॅमनी मिळून बनवलेला एओ-४० हा अवाढव्य उपग्रह फ्लोरिडातल्या ऑरलँडोमध्ये जोडला गेला आणि नोव्हेंबर २०००मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडाला. महिन्याभरात त्याच्या इंजिनात अपघात झाला, आणि २००४च्या सुरुवातीला तो कायमचा मुका झाला. तसलं एकत्र काम पुन्हा जमलं नाही. जर्मन मंडळींचा पुढचा उपग्रह, पी-३ई, अजून जमिनीवरच आहे. अमेरिकी मंडळींनी फॉक्स नावाची छोट्या उपग्रहांची मालिका घरच्या घरी बनवली. पहिला २०१५मध्ये उडाला. कारणं अर्थात अनेक आहेत. अग्निबाणावर फुकट जागा मिळायचे दिवस गेले होते. पण जर्मनीतल्या मित्राने विचारलं, ‘तो कनेक्टर कुठला वापरलात?’ तर अमेरिकेतल्या मित्राने वकिलाला फोन करावा की ‘इकडे ऊन आहे’ असं लिहून मोकळं व्हावं? मूलभूत संशोधनाला थोडी सवलत असते, पण ती विद्यापीठांना. निवृत्त माणसाला पेन्शन असतं, गुडघेदुखी असते, विद्यापीठ नसतं.

वर आकाशात मात्र वेगळंच चाललेलं असतं. ३ फेब्रुवारी २००६ रोजी आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या एका रशियन आणि एका अमेरिकी अंतराळवीराने मिळून एक जुना रशियन पोशाख दाराबाहेर सोडून दिला. आत जुने कपडे कोंबलेले, अमेरिकी स्वयंसेवकांनी केलेलं नियंत्रण-सर्किट, केनवूडचा हातातला रेडिओ, आणि शाळेतल्या मुलांच्या चित्रांची सीडी. सूटसॅट हे त्याचं नाव. हात पसरून गरगर फिरत निघालेल्या त्या बिनमाणसाच्या माणसाचे फोटो पाहून लोक हबकले. आवाज फारच क्षीण आला, पण आला. सरकारने सरकारशी करार केलेला असला की रशियन पोशाखात अमेरिकी सर्किट चालतं. खाली दोन म्हाताऱ्यांनी ईमेलवर स्क्रूच्या मापाची चर्चा केली की देश धोक्यात.

भारताचा प्रवास या जंजाळाला वळसा घालून झाला. अणुचाचण्यांनंतर इस्रोच्या कित्येक संस्था अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत होत्या. शेवटच्या संस्था २०११मध्ये सुटल्या. मधल्या काळात, ५ मे २००५ रोजी, पीएसएलव्हीवरून हॅमसॅट गेला. ४२.५ किलोचा उपग्रह, दोन ट्रान्सपॉन्डर, म्हणजे खालून आलेला संदेश परत खाली पाठवणारी यंत्रं. एक भारतीय बनावटीचा, दुसरा नेदरलँड्समधल्या व्हेन्लोच्या एका विद्यार्थी हॅमने बनवलेला. एका देशाच्या अंतराळ संस्थेने परदेशी विद्यार्थ्याने बनवलेलं सामान आपल्या उपग्रहात बसवलं आणि आकाश कोसळलं नाही. दोन वर्षांसाठी पाठवलेला हॅमसॅट नऊ वर्षं चालला. पुढे २०१६मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा किलोभराचासुद्धा नसलेला उपग्रह गेला, तोही हॅमच्या लहरींवर निरोप पोचवण्यासाठी, आणि त्याच वर्षी आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’. आपल्याकडेही निर्यात नियंत्रणाची यादी आहे, तिचं नाव स्कोमेट. पण आपल्या हॅमला स्कोमेटपेक्षा जास्त भीती गच्चीची किल्ली ज्याच्याकडे असते त्या सेक्रेटरीची वाटते.

या कायद्यातून सुटायची वाट कायद्यातच होती, आणि ती फार आधी एका हॅमनेच दाखवून ठेवली होती. फिल कार्न, कॉल साइन केए९क्यू. हॅम रेडिओवरून संगणक जोडणाऱ्यांना हे अक्षर-अंक पाठ असतात. एओ-४०च्या संदेशांसाठी चुका दुरुस्त करणारं कोडिंगही याने केलं. १९९४मध्ये याने सरकारला विचारलं, सांकेतिक लेखनावरचं हे एक छापील पुस्तक आहे, मागे प्रोग्राम छापलेले आहेत, हे शस्त्र आहे का? उत्तर आलं, नाही. हे सार्वजनिक आहे, खुशाल न्या. मग त्याने विचारलं, तेच प्रोग्राम या फ्लॉपीवर आहेत, हे? उत्तर आलं, हे शस्त्र. म्हणजे पुस्तक घेऊन विमानात बसलात तर तुम्ही वाचक, आणि फ्लॉपी घेऊन बसलात तर शस्त्रांचे दलाल. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर पुस्तक बघून टाईप करणारा कोणी भेटला तर तो कोण, याचं उत्तर बहुधा ‘टायपिस्ट’ असावं. कार्न कोर्टात गेला. काही वर्षांनी सरकारनेच सांकेतिक प्रोग्रामांबद्दलचा तो नियम सैल केला. त्या काळात चार ओळींचा प्रोग्राम छापलेले टी-शर्टही निघाले होते, ‘हा शर्ट शस्त्र आहे’ अशा मजकुराचे. अंगात शस्त्र घालून लोक कॉफी प्यायला जात.

मेख आहे ती ‘सार्वजनिक’ या शब्दात. आयटार म्हणते, जी माहिती सर्वांसाठी प्रसिद्ध झाली आहे तिला आमचे नियम लागू नाहीत. सर्वांसाठी म्हणजे कशी, याचीही यादी आहे. पेपरच्या स्टॉलवर मिळते, पुस्तकांच्या दुकानात मिळते, सार्वजनिक वाचनालयात ठेवलेली आहे, सर्वांना खुल्या परिषदेत वाटली. टपालाच्या दुसऱ्या वर्गाच्या सवलतीचाही उल्लेख आहे. इंटरनेटचा मात्र या यादीत वर्षानुवर्षं पत्ता नव्हता. कायदा करणारे वाचनालयात वाढलेले असावेत, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदरच आहे.

अर्थ नीट बघा. काकांनी चार्जिंगचं रहस्य सोफ्यावरच्या एका मुलाच्या कानात सांगितलं, तर गुन्हा. तेच त्यांनी छापून, सगळ्या जगाला फुकट वाटून, ज्यांच्यापासून लपवायचं त्या देशांच्याही हाती पडेल असं केलं, तर कायद्याला काही म्हणायचं नाही. (मुळात गोपनीय असलेलं छापलंत तर मात्र प्रकरण वेगळं.) कुजबुजलात तर कैद, दवंडी पिटलीत तर माफ. हॅम लोकांचा सगळा जन्म दवंडी पिटण्यात गेलेला. त्यांच्यासाठी याहून सोयीचा कायदा दुसरा नव्हता. तो वाचून दाखवणारं कोणी भेटायला मात्र बराच वेळ गेला.

कॅलिफोर्नियातल्या ओपन रिसर्च इन्स्टिट्यूट या छोट्या संस्थेने ते केलं. त्यांनी परराष्ट्र खात्याकडे रीतसर अर्ज टाकला. आम्ही हौशी लोकांसाठी उपग्रहाची डिजिटल दळणवळण यंत्रणा बनवतो, तिची माहिती आणि सॉफ्टवेअर सगळं उघडं प्रसिद्ध करतो, हे शस्त्र आहे का? ऑगस्ट २०२०मध्ये लेखी उत्तर आलं की आयटार याला लागू होत नाही. पुढच्या वर्षी वाणिज्य खात्यानेही आपल्या नियमांबद्दल तसंच कळवलं. तेव्हापासून त्यांची रीत अशी की नकाशे, कोड, नोंदी, जे काय कराल ते सगळं चव्हाट्यावर. एरवी स्वयंसेवी संस्थांत बैठकीचं इतिवृत्त लिहायला माणूस सापडत नाही. इथे इतिवृत्त लिहिलं नाही तर शस्त्रविक्री होते, त्यामुळे ते वेळेवर लिहिलं जात असावं.

दरम्यान २०१४च्या नोव्हेंबरपासून सरकारने बहुतेक साधे उपग्रह शस्त्रयादीतून काढून परत वाणिज्य खात्याकडे दिले. जाचातून पूर्ण सुटका नाही, पण निदान शेजार बदलला. विषारी वायू आणि अणुबाँब आता आपापसात बोलतात.

आणि हौशी जगातली अलीकडची सर्वांत मोठी गंमत घडली ती कतारमध्ये. भूस्थिर कक्षेत, म्हणजे आकाशात एका जागी ठाण मांडून बसणारा हॅमचा उपग्रह हे या मंडळींचं जुनं स्वप्न. ते कतारच्या एस-हेल-२ या टीव्हीच्या उपग्रहाने पुरं केलं. कतारच्या हौशी संघाने जर्मन अ‍ॅमसॅटच्या मदतीने त्यात हॅमसाठी दोन ट्रान्सपॉन्डर बसवून घेतले. उपग्रह बनवला जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकने. आणि १५ नोव्हेंबर २०१८ रोजी तो उडाला फ्लोरिडाहून, अमेरिकेच्या फाल्कन ९ वर. हॅम त्याला क्यूओ-१०० म्हणतात. तो पूर्व रेखांश २६ अंशांवर बसतो आणि ब्राझीलपासून थायलंडपर्यंत दिसतो. मुंबईहून तो पश्चिमेच्या आकाशात, क्षितिजापासून साधारण तेहतीस अंशांवर असतो. डीटीएचची जुनी छत्रीसुद्धा त्याला ऐकायला पुरते, त्यामुळे एखाद्या इमारतीच्या सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून मालिका बघत असताना एकच छत्री पाठ फिरवून पश्चिमेकडे बघत बसलेली दिसली, तर खाली हॅम राहतो असं समजावं. सेक्रेटरींनी त्यावर विचारणा केलेली असतेच.

ज्या देशाच्या जमिनीवरून हा उपग्रह उडाला, त्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून मात्र तो दिसत नाही. पृथ्वी मध्ये येते, आणि पृथ्वीला कुठल्याच खात्याची सूट मिळत नाही. तेव्हा ओहायो-टेक्सासमधले हॅम काय करतात, तर इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या गूनहिलीला ब्रिटिश हौशी मंडळींनी त्या उपग्रहाकडे तोंड करून एक रिसीव्हर लावून ठेवला आहे, तो इंटरनेटवरून ऐकतात. पुण्याचा माणूस नैरोबीच्या माणसाला पावसाचं विचारत असतो, आणि टेक्सासमधले आजोबा कानाला हेडफोन लावून ते ऐकत असतात. ही आयात धरायची का, हे मात्र कोणी परराष्ट्र खात्याला विचारायला जाऊ नये. ते लोक उत्तर देतात.